पेडल, हँडब्रेक आणि तेरावा बाइट: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला. मावसभावाचं मशीन विंडोज ११ घेत नाही, म्हणून त्याने दिवाळीनंतर त्यावर फेडोरा ४३ ही लिनक्स प्रणाली टाकली. स्टिअरिंग व्हील लगेच चाललं, पेडलचा सेट मात्र एकाही खेळात दिसेना. "दादा, पेडल खेळात येतच नाहीत. जेएसटेस्टमध्ये येतात, पण तिथे हँडब्रेक मेलेला," असा त्याचा निरोप. जेएसटेस्ट म्हणजे जॉयस्टिककडून काय येतं ते दाखवणारा छोटा प्रोग्राम. नाशिकहून त्याने पार्सल केलं, ते आज पुण्यात हातात पडलं.

सेट असा आहे: तीन पेडल, एक काळी डबी आणि डबीतून निघणारी यूएसबीची वायर. हँडब्रेक वेगळा विकत मिळतो आणि टेलिफोनच्या वायरीला असते तशा पिनेने डबीत बसतो. ब्रेकच्या पेडलला लोडसेल आहे. पाय किती खाली गेला हे न मोजता पायाने किती जोर दिला हे तो मोजतो. बाकीच्यांना हॉल सेन्सर, चुंबकावरून जागा ओळखणारा. डबीवर बटण एकही नाही.

यूएसबीचा आयडी, म्हणजे कंपनी आणि उपकरण सांगणारा क्रमांक, निघाला ०४८३:५७५०. हा पेडलवाल्या कंपनीचा आयडीच नव्हे. ०४८३ हा एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा क्रमांक, आणि ५७५० त्यांच्या मायक्रोकंट्रोलरसोबत येणाऱ्या नमुना कोडमधला. पेडलवाल्यांनी नमुना उचलला, त्यात चार अक्ष, म्हणजे तीन पेडल आणि हँडब्रेक यांचे बदलते आकडे, बसवले आणि क्रमांक न बदलता माल बाजारात सोडला. असं करणारे ते काही एकटे नाहीत. त्यामुळे "हा क्रमांक दिसला की अमुक कर" एवढ्यावर आपलं भागणार नाही, उद्या कुणाचा तरी घरगुती तापमापकही याच क्रमांकाने यायचा.

११ नोव्हेंबर

हिड-रेकॉर्डर, म्हणजे उपकरणाचं बोलणं टिपून ठेवणारा प्रोग्राम, लावून बसलो. हिड ही कीबोर्ड, माउस, जॉयस्टिक अशा उपकरणांची ठरलेली भाषा. हिड उपकरणाची गंमत ही की ते जोडताक्षणी स्वतःची कुंडली स्वतःच सांगतं: मी कोण, किती अक्ष, प्रत्येकाची किंमत कुठून कुठवर, किती बिटांत. त्याला रिपोर्ट डिस्क्रिप्टर म्हणतात. या डबीचा डिस्क्रिप्टर अवघा २६ बाइटांचा आहे. सगळाच उतरवून ठेवतो, सोळाच्या पायात:

०५ ०१ ०९ ०४ ए१ ०१ ०९ ३० ०९ ३१ ०९ ३२ ०९ ३२ १५ ०० २६ एफएफ ०एफ ७५ १० ९५ ०४ ८१ ०२ सी०

वाचायला अवघड नाही. ०५ ०१ म्हणजे पुढची नावं "जेनेरिक डेस्कटॉप" या पानावरची. ०९ ०४ म्हणजे मी जॉयस्टिक. मग ०९ ने सुरू होणाऱ्या चार जोड्या, चार अक्षांची नावं: ३० म्हणजे एक्स, ३१ वाय, ३२ झेड आणि परत ३२. पुन्हा झेडच. १५ ०० हे किमान मूल्य, २६ एफएफ ०एफ हे कमाल, म्हणजे ४०९५. ७५ १० म्हणजे प्रत्येक अक्षाला १६ बिट, ९५ ०४ म्हणजे असे चार.

आता हँडब्रेक ओढून बघितला. रेकॉर्डरमध्ये आठ बाइटांची ओळ पडते, शेवटची जोडी हलते: ०० ०० ०० ०० ०० ०० डी४ ०बी. लहान बाइट आधी येतो, म्हणजे ०बीडी४, दशमानात ३०२८. हँडब्रेक मेलेला नाही. डबी त्याचा आकडा इमानदारीने पाठवते आहे, तो वर पोचत नाही एवढंच. इव्हटेस्ट या तशाच तपासणीच्या प्रोग्राममध्ये एबीएस-एक्स, एबीएस-वाय, एबीएस-झेड हे तीनच अक्ष दिसतात आणि हँडब्रेक ओढला तर शुकशुकाट.

१३ नोव्हेंबर

उत्तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हिड-इनपुट या फाइलीत सापडलं. डिस्क्रिप्टरमधल्या प्रत्येक नावाला इनपुट उपप्रणालीतला एक कोड दिला जातो. तो कोड आधीच कुणाला दिलेला असेल तर काय करायचं? तिथे एक लांबलचक टिप्पणी आहे, तिची सुरुवातच "हा भाग फारच वादग्रस्त आहे" या अर्थाच्या वाक्याने होते. पूर्वी कर्नल असं करायचा की कोड घेतलेला असला तर पुढचा रिकामा कोड देऊन टाकायचा. २०१८ मध्ये हे बदललं. आता दुसऱ्यांदा आलेलं नाव सरळ दुर्लक्षित होतं. पुढचा रिकामा कोड देण्यात धोका असा होता की कुणाचा तरी फालतू अक्ष सरकत सरकत भलत्याच जागी जाऊन बसायचा, मल्टिटचच्या कोडवरसुद्धा, आणि वरचे प्रोग्राम गोंधळायचे.

मला हा बदल पटतो. उपकरणाने एक्स म्हटलं तर एक्स, उगाच वाय का म्हणा? पण ज्यांच्या डबीने दोनदा झेड म्हटलं त्यांचा चौथा अक्ष त्या दिवसापासून गेला.

खातरजमा म्हणून माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला. त्यावर उबुंटू १८.०४ आहे, कर्नल ४.१५. तिथे हँडब्रेक चालतो! एबीएस-आरएक्स म्हणून येतो, कारण झेडच्या कोडनंतरचा रिकामा कोड तोच.

१६ नोव्हेंबर

जुनं वागणं परत हवं असेल त्यांच्यासाठी कर्नलने एक क्वर्क, म्हणजे ठरावीक उपकरणापुरता अपवाद, ठेवला आहे. बूट करताना यूएसबीहिडच्या पॅरामीटरमध्ये आयडी आणि क्वर्कचा आकडा दिला, हँडब्रेक चालू झाला. मावसभावाला हेच कळवून मोकळं होता आलं असतं. पण दर कर्नल अपडेटनंतर ग्रबची, म्हणजे बूट लोडरची, ओळ सांभाळायची, आणि हाच सेट घेतलेल्या बाकीच्या लोकांनी हे सगळं स्वतः शोधून काढायचं, हे काही बरोबर नाही.

२२ नोव्हेंबर

दुरुस्ती नेमकी कुठे बसवायची, यावर आजचा दिवस गेला. खरं तर या प्रकल्पातला कठीण प्रश्न हाच आहे. कोड जेमतेम आहे.

पहिला रस्ता म्हणजे स्वतःचा ड्रायव्हर. हिड ड्रायव्हरला डिस्क्रिप्टर दुरुस्त करण्याची एक जागा मिळते, तिथे बाइट बदलायचा, बाकी सगळं हिड-इनपुटवर सोपवायचं. शंभर ओळींच्या आत काम होतं. पण तो कर्नलबाहेर ठेवला तर डीकेएमएस, म्हणजे दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणं, आलं, सिक्युअर बूट असेल तर मॉड्यूलवर सही करणं आलं, आणि कर्नलच्या आतल्या फंक्शनांची रूपं बदलत राहतात ते वेगळंच. डिस्क्रिप्टर दुरुस्त करणाऱ्या याच फंक्शनचा परतावा ६.१२ मध्ये बदलला आणि कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरांना आवृत्ती तपासणाऱ्या अटी घालाव्या लागल्या.

ज्यांना हे भोगावंच लागतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. एक्सबॉक्सचा वायरलेस डोंगल घ्या. तो हिड बोलतच नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे, त्यावरून कंट्रोलरही येतो आणि हेडसेटही. एक्सवन या ड्रायव्हरला ते सगळं स्वतः उलगडावं लागलं, शिवाय डोंगलचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, सोबत वाटता येत नाही म्हणून ते वापरणाऱ्याला वेगळं उतरवून घ्यावं लागतं. किंवा कर्नलच्या आतला हिड-प्लेस्टेशन बघा. सोनीने स्वतः लिहून दिलेला, ५.१२ मध्ये आला. ड्युअलसेन्स हा सोनीचा गेमपॅड ब्लूटूथवर ७८ बाइटांचा रिपोर्ट पाठवतो, त्यातले शेवटचे चार बाइट सीआरसीचे, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला का ते ताडणारे. आपण कंपनाचा हुकूम पाठवला आणि सीआरसी जुळला नाही तर पॅड ढिम्म हलत नाही. शिवाय एका पॅडमधून तीन इनपुट उपकरणं निघतात: गेमपॅड, टचपॅड आणि हालचालीचे सेन्सर. सेन्सरची कॅलिब्रेशन पॅडमधूनच वाचून घ्यावी लागते. तिथे खरा ड्रायव्हरच हवा, बाइट बदलून भागत नाही.

आमच्या डबीला यातलं काही नको. तिचं बोलणं स्वच्छ आहे, ओळख सांगताना एक नाव चुकलंय फक्त. त्यासाठी कर्नल मॉड्यूल म्हणजे माशी मारायला तोफ.

दुसरा रस्ता वर, वापरकर्त्याच्या बाजूला: हिडरॉमधून उपकरणाचे कच्चे बाइट वाचायचे आणि यूइनपुटने नवं खोटं उपकरण उभं करायचं. असे प्रोग्राम भरपूर आहेत. मला तो प्रकार आवडत नाही. एक सेवा कायम चालू ठेवावी लागते, आणि खेळाला एकाच डबीची दोन उपकरणं दिसतात, खरं आणि नकली.

तिसरा रस्ता हिड-बीपीएफ. २०२३ मध्ये ६.३ कर्नलात आलं, आणि ६.११ पासून त्याची मांडणी बरीच सुटसुटीत झाली. छोटा बीपीएफ प्रोग्राम चालत्या कर्नलात चढतो, डिस्क्रिप्टर किंवा येणारा रिपोर्ट वाटेत दुरुस्त करतो, पुढे सगळं नेहमीसारखं. मॉड्यूल नाही, डीकेएमएस नाही. कर्नलमधला व्हेरिफायर प्रोग्राम आधीच तपासतो, त्यामुळे माझ्या कोडने कुणाचं मशीन आडवं होणार नाही. असे प्रोग्राम आता कर्नलच्या झाडातच, म्हणजे मूळ कोडसंग्रहातच, ठेवतात. एक्सबॉक्स एलिट २ चा आहे, रॅप्टर माक २ या जॉयस्टिकचा आहे. हाच रस्ता.

२३ नोव्हेंबर

मनात आलं, हात घालतोच आहोत तर नावं नीट का देऊ नयेत? हिडच्या "सिम्युलेशन" पानावर अॅक्सिलरेटर, ब्रेक, क्लच अशी खरी नावं आहेत. कर्नल त्यातल्या अॅक्सिलरेटरला एबीएस-गॅस आणि ब्रेकला एबीएस-ब्रेक देतो. क्लचला मात्र लिनक्सच्या इनपुट कोडांत जागाच नाही, कर्नल त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. हँडब्रेकलाही स्वतःचा कोड नाही. म्हणजे दोन अक्ष साजरे आणि दोन अडगळीत.

त्यापेक्षा शेवटच्या ३२ चा ३३ करणं बरं. ३३ म्हणजे आरएक्स, आणि जुन्या कर्नलवर हँडब्रेक याच जागी येत होता. ज्यांच्या खेळात जुनी मांडणी जतन केलेली आहे ती जशीच्या तशी चालेल. एक्स-वाय-झेड-आरएक्स ही काही पेडलची नावं नव्हेत हे मान्य, पण शर्यतीच्या खेळात कोणता अक्ष कशाला हे वापरणाराच ठरवतो.

३० नोव्हेंबर

प्रोग्राम लिहून झाला. पहिलं फंक्शन डिस्क्रिप्टर हातात घेतं आणि शून्यापासून मोजल्यास तेराव्या बाइटात ३३ लिहितं. लांबी बदललेली नाही म्हणून शून्य परत करतं. मधे एक ओळ आहे: डेटाचा पॉइंटर रिकामा आला तर काही न करता परत जा. ही ओळ नसेल तर व्हेरिफायर प्रोग्राम चढूच देत नाही.

दुसरं फंक्शन प्रोब, म्हणजे हे उपकरण आपलंच का ते तपासणारं. उसन्या आयडीचा बंदोबस्त इथे केला. डिस्क्रिप्टर बरोबर २६ बाइटांचा आहे का, अकरावा आणि तेरावा दोन्ही बाइट ३२ आहेत का, कमाल मूल्य ४०९५ आहे का. एकही उत्तर नाही आलं तर प्रोग्राम नकार देतो आणि उपकरणाला हात लावत नाही. माझ्याकडे त्याच मायक्रोकंट्रोलरचा एक बोर्ड पडून होता, त्यावर एसटीचा नमुना तसाच चढवून तोच आयडी दिला आणि लावून बघितला. प्रोबने बाहेरूनच परत पाठवला. छान.

प्रोग्राम चढला की कर्नल उपकरण सोडून पुन्हा जोडतो, कारण डिस्क्रिप्टर नव्याने वाचायचा असतो. खेळ चालू असताना हे केलं तर खेळाला पेडल उपटल्यासारखे दिसतात. रोजच्या वापरात हे जाणवणार नाही, यूडेव्ह, म्हणजे उपकरण जोडलं की त्याचे नियम लावणारी सेवा, वायर लावतानाच प्रोग्राम चढवते.

इव्हटेस्टमध्ये चार अक्ष. हँडब्रेक ओढला की एबीएस-आरएक्स ० पासून ४०९५ पर्यंत.

६ डिसेंबर

हँडब्रेक जिवंत झाला तरी खेळात पेडल अजून नाहीतच. हे दुखणं वेगळं आहे आणि कर्नलचं नाही.

सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, इव्हटेस्ट चालतो, साध्या वापरकर्त्याने चालवला तर परवानगी नाही. मग जेएसटेस्ट कसा चालतो? कारण जुन्या जॉयस्टिक नोडला, म्हणजे उपकरण ज्या फाइलीतून वाचतात तिला, यूडेव्ह सगळ्यांना वाचायची मुभा देतो. आजचे खेळ बहुतेक एसडीएल या लायब्ररीमार्फत इव्हेंट नोड उघडतात, आणि त्याची परवानगी समोर बसलेल्या वापरकर्त्याला तेव्हाच मिळते जेव्हा यूडेव्ह उपकरणावर जॉयस्टिकचा शिक्का मारतो. इथे शिक्का पडलाय अॅक्सेलरोमीटरचा.

यूडेव्हचा तर्क बघितला. उपकरणाला एक्स, वाय, झेड तिन्ही आहेत आणि बटण एकही नाही, म्हणजे हा मोबाइल-लॅपटॉपमधला हालचालीचा सेन्सर असणार. एरवी हा तर्क चुकीचा नाही. नुसते पेडल आणि नुसता हँडब्रेक बनवणाऱ्यांना मात्र तो हमखास गाठतो.

सोपा उपाय हाताशी होता: डिस्क्रिप्टरमध्ये एक खोटं बटण घालून टाकायचं. बीपीएफमध्ये ते करता येतं. नाही केलं. मग खेळाच्या सेटिंगमध्ये एक बटण दिसणार जे दाबायला कुणाकडेच नाही, आणि दोन वर्षांनी कुणीतरी विचारणार की ते कुठे आहे. डबीत बटण नाही, तर ड्रायव्हरने ते आहे म्हणू नये.

यूडेव्ह ज्याचा भाग आहे त्या सिस्टमडीमध्ये यासाठी हार्डवेअर डेटाबेस आहे, त्यात इनपुट-आयडीची वेगळी फाइल. तिथे उपकरणाचा मोडअलायस, म्हणजे ओळखीची ओळ, जुळवून अॅक्सेलरोमीटरचा शिक्का काढता येतो आणि जॉयस्टिकचा मारता येतो. मोडअलायसमध्ये आयडीबरोबर अक्षांची यादीही असते, त्यामुळे "०४८३:५७५०, बटण नाही, अक्ष ०,१,२,३" इतकं नेमकं जुळवलं. उसन्या आयडीचा त्रास इथेही टळला.

मावसभावाने मधल्या काळात कुठूनतरी उतरवलेला एक यूडेव्ह नियम टाकून बघितला होता. फाइलीचं नाव ९९ ने सुरू होणारं. नियम बरोबर होता तरी परवानगी मिळाली नाही, कारण शिक्का बघून परवानगीची खूण लावणारी फाइल ७० क्रमांकाची आहे. ९९ येईस्तोवर गाडी स्टेशन सोडून गेलेली असते. असा नियम स्वतः लिहायचाच तर ७० च्या आतला क्रमांक हवा.

१३ डिसेंबर

सेट नाशिकला परत पाठवला. खेळ चालू झाला. आणि आता तक्रार ब्रेकची: "दादा, हलका ब्रेक मारला की मधेच अडकल्यासारखा वाटतो. सोडल्यावरही खेळात थोडासा दाबलेलाच दिसतो."

हे अपेक्षित होतं. स्वतःला जॉयस्टिक किंवा गेमपॅड म्हणवणाऱ्या उपकरणाच्या प्रत्येक अक्षाला हिड-इनपुट दोन आकडे आपणहून लावतो. फझ म्हणजे एकूण पल्ल्याचा २५६ वा भाग, आणि फ्लॅट म्हणजे १६ वा भाग. आपला पल्ला ४०९५, म्हणजे फझ १५ आणि फ्लॅट २५५.

फ्लॅट ही नुसती सूचना असते. मधोमधच्या एवढ्या भागाकडे लक्ष देऊ नका, असं सांगणारी. इव्हेंट नोडवरून वाचणारा ती पाळेल किंवा सोडून देईल, एसडीएल मुळात पाळत नाही. जुना जॉयस्टिक नोड मात्र पाळतो. जॉयस्टिक मधोमध स्थिर असते म्हणून तिथे हे शहाणपणाचं, पण पेडलचा मध्य म्हणजे अर्धा दाबलेला ब्रेक. जेएसटेस्टमध्ये पेडल सावकाश दाबत गेलं तर साधारण १७९२ ते २३०२ या कच्च्या आकड्यांमध्ये काटा जागचा हलत नाही.

फझ मात्र कर्नल स्वतः राबवतो. नवा आकडा जुन्याच्या अगदी जवळ असेल, फझच्या निम्म्याहून कमी अंतरावर, तर तो गिळून टाकतो. त्याहून थोडा लांब असेल तर जुन्याकडून नव्याकडे पाव अंतरच सरकतो, आणखी लांब असेल तर निम्मं. थरथरणाऱ्या स्वस्त पोटेन्शियोमीटरसाठी हे औषध आहे. लोडसेलवर तेच बाधतं. पंधराच्या निम्मे पूर्णांकात सात, म्हणून सातपेक्षा लहान हालचाल दिसतच नाही. पाय काढताना आकडा ५ वर आला आणि मग ० झाला, तर ते शून्य गिळलं जातं आणि ब्रेक ५ वरच बसतो. ४०९५ मधले ५ म्हणजे काहीच नाही, पण काही खेळ पट्टीवर तेवढी रेघ दाखवतात आणि ती एकदा डोळ्यांना दिसली की पाय जडच वाटायला लागतो.

त्याच हार्डवेअर डेटाबेसमध्ये अक्षाचे आकडे बदलायची सोय आहे: किमान, कमाल, रेझोल्यूशन, फझ, फ्लॅट, कोलन टाकून एका ओळीत. चारही अक्षांचे फझ आणि फ्लॅट शून्य करून त्याला फाइल पाठवली.

१४ डिसेंबर

"आता मख्खन." आणखी काही विचारलं तर उत्तर नाही, खेळतोय.

फझचा बदल वर, म्हणजे सिस्टमडीकडे, पाठवायचा नाही असं ठरवलं. याच सेटमध्ये हॉल सेन्सर जुनाट झालेला एखादा पेडल असेल तर त्या माणसाला फझ हवाच असेल. डिस्क्रिप्टर चुकीचा आहे हे सगळ्यांसाठी खरं, ब्रेक किती नाजूक असावा हे ज्याच्या त्याच्या पायाचं. ही फाइल त्याच्या मशीनवरच राहील.

२८ डिसेंबर

कर्नलच्या मंडळींना पॅच, म्हणजे माझा बदल, पाठवायची तयारी. पॅच तपासणाऱ्या चेकपॅचने काही तक्रारी केल्या, सगळ्या रिकाम्या जागांबद्दल. खुलाशात पूर्ण मूळ डिस्क्रिप्टर टिप्पणी म्हणून ठेवला, प्रत्येक बाइटापुढे अर्थ. उद्या कुणी ही फाइल उघडली तर त्याच्या हातात डबी असेलच असं नाही. हिड-रेकॉर्डरची नोंदही जोडली. यूहिडवर ती परत वाजवली की डबी जोडल्याचा आभास होतो आणि हार्डवेअर नसलेल्याला तपासता येतं.

टिप्पण्यांचं महत्त्व नव्याने पटायचं कारण म्हणजे या सुट्टीत हिड-डीआर ही फाइल वाचत होतो. ड्रॅगनराइजच्या चिपवर चालणाऱ्या स्वस्त गेमपॅडांचं कंपन ती सांभाळते. २००९ ची. पॅडला पहिला बाइट ५१ चा, मग हलक्या आणि जोराच्या मोटरचे आकडे, मग एफए एफई असा दुसरा हुकूम, तेव्हा मोटर फिरते. आणि मधेच एक विचित्र अट: हलक्या मोटरचा आकडा ०ए आला तर तो ०बी करा. नुसती अट असती तर पुढच्या कुणीतरी साफसफाईत काढून टाकली असती. पण वर लिहून ठेवलंय की उलट अभियांत्रिकी करताना आढळलं, हा एक आकडा दिला की जोराची मोटर जवळजवळ पूर्ण वेगाने सुटते, म्हणून टाळतोय. चिपमध्ये असं का होतं हे तिथे लिहिलेलं नाही, लिहिण्याची गरजही नाही.

४ जानेवारी २०२६

पॅच गेला. पहिलाच प्रश्न आला: क्वर्क असताना बीपीएफ कशाला, यादीत एक ओळ टाकली असती तर? उत्तरात आयडीचा घोळ मांडला. क्वर्कची यादी फक्त आयडी बघते, आणि हा आयडी कुणाचाही असू शकतो. प्रोब आत डोकावून बघतो. एवढं पुरलं.

दुसरी सूचना चांगली होती: कमाल मूल्याची तपासणी कशाला, दोन झेड आणि लांबी पुरेशी आहे. मी ती ठेवली. तीन बाइट तपासायला खर्च शून्य, आणि २६ बाइटांत दोन झेड असलेलं दुसरं काहीतरी ५७५० च्या नावाखाली फिरत नसेल याची हमी कुणी द्यायची?

१८ जानेवारी

कोईमतूरच्या एकाने याच सेटची नोंद पाठवली, त्याच्याकडे प्रोग्राम चढत नाही म्हणून. त्याचा डिस्क्रिप्टर २८ बाइटांचा निघाला, पाच अक्ष, आणि हँडब्रेकचं नाव त्यात मुळातच आरएक्स. नव्या मालात कंपनीने फर्मवेअर दुरुस्त केलेलं दिसतंय. पाचव्या अक्षावर काहीच येत नाही, डबीला आणखी एखादं उपकरण जोडायची सोय ठेवली असावी. प्रोबने नकार दिला ते बरोबरच, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

त्याचेही पेडल खेळात दिसत नव्हते. बटण अजून नाहीच, त्यामुळे अॅक्सेलरोमीटरचा शिक्का त्यालाही. इनपुट-आयडीच्या फाइलीत अक्ष ०,१,२,३,४ वाली दुसरी ओळ घातली आणि त्याला तपासायला पाठवली. त्याचा होकार आला की दोन्ही ओळी एकत्रच सिस्टमडीकडे पाठवतो.